मंदाक्रांता आणि माझं पोट

३ मार्च, सकाळी
आजपासून व्यायाम. फिजिओबाईंनी काल घरी येऊन दाखवला. पाठीवर पडायचं, गुडघे दुमडायचे, बेंबी आत ओढायची, कंबर उचलून धरायची आणि मोठ्याने दहापर्यंत आकडे म्हणायचे, म्हणजे श्वास कोंडत नाही. माझ्या आजाराचं नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, घरातलं नाव एमेस. नसांवरचं आवरण झिजतं आणि मेंदूचा निरोप पायापर्यंत धड पोचत नाही. बी.ए.च्या पुढे कधी सरकलो नाही, आता घरबसल्या एम.एस. झालो. बाईंचं म्हणणं, काका, पाय ऐकत नाहीत तर निदान पोट आणि पाठ घट्ट करा, तोल तिथून सांभाळला जातो.

महिनाअखेरीस शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांचा मेळावा आहे. तिथे आठवीतली कविता मी म्हणणार. उभ्याने, काहीही न धरता, हात मोकळे. बाई म्हणाल्या, बसून म्हणा की. कविता बसून म्हणत नाहीत. बसून बातम्या वाचतात.

३ मार्च, दुपारी
सतरंजी शोधण्यात दमलो. उद्यापासून.

५ मार्च
आकडे म्हणवत नाहीत. एक, दोन, तीन, ही काय भाषा झाली. त्याऐवजी कवितेची एक ओळ म्हणायचं ठरवलं आहे. मंदाक्रांता वृत्त, सतरा अक्षरं. दहाच्या जागी सतरा, म्हणजे बाईंचा फायदाच. वर पाठांतर फुकट.

६ मार्च
मंदाक्रांतेत चौथ्या अक्षरानंतर यती असतो, म्हणजे तिथे क्षणभर थांबायचं. यती चुकला की मराठीचे सर हातावर पट्टी मारायचे. सबब चार अक्षरांनंतर मी थांबलो, तशी कंबरही टेकली. दहाव्या अक्षरानंतर पुन्हा यती, पुन्हा कंबर खाली. ही शेजारी पेपर वाचत होती. म्हणाली, अहो, कविता म्हणताय की धुणं आपटताय.
हिचं शिक्षण सायन्सचं.

९ मार्च
नवा प्रकार. हात आणि गुडघे टेकून घोडा व्हायचं, मग उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांब करायचा. नाव बर्ड-डॉग. पक्षी आणि कुत्रा, द्वंद्व समास. डाव्या पायाला म्हटलं, ऊठ. त्याने ऐकल्यासारखंही दाखवलं नाही. पुन्हा म्हटलं, तर उजवा हात तेवढा उठला आणि मी सोफ्याखाली तोंड घालून पडलो. तिथे हिच्या चष्म्याची हरवलेली पेटी सापडली. व्यायाम वाया जात नाही.

दिवसभर मात्र चिडचिड. उभा जन्म टपाल खात्यात गेला, कुणाकुणाचे निरोप कुठे कुठे पोचवले, आणि स्वतःचा निरोप कमरेखाली जात नाही.

१३ मार्च, सकाळी साडेअकरा
ऊन चढलं की पाय मेणाचे होतात, नजर धुरकटते. म्हणून बाईंनी सकाळी लवकर, पंख्याखाली करायला सांगितलं आहे. लवकर जाग येतेच. पण खिडकीतून कोवळा उजेड आला की आठवीचा वर्ग दिसायला लागतो, ओल्या फळ्याचा वास येतो, आणि त्यातून बाहेर यावं तर अकरा वाजलेले. दोष खिडकीचा आहे. उद्यापासून पडदा ओढणार.

१४ मार्च
हिने पडदे धुवायला काढलेत. माझ्या प्रगतीत घरातूनच अडथळे.

१८ मार्च
बोक्याचा फोन. हा माझा शाळेपासूनचा मित्र, मेळाव्याची धावपळ त्याच्याकडे आहे. विचारत होता, लेका, स्टेजवर तुझ्यासाठी खुर्ची ठेवू का. मी सांगितलं, तुझ्यासाठी ठेव, पोट कुणाचं सुटलंय ते सगळ्या शाळेला माहीत आहे. तो हसला. ठेवताना फोन माझ्या हातातून निसटला. रागाने. दुसरं काही नाही.

२२ मार्च
स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून अख्खं कडवं म्हटलं. ओट्याला हात लागत होता, धरला नव्हता. ही म्हणते, बोटं पांढरी पडली होती. बोटं मुळातच गोरी आहेत.

२५ मार्च
बाई तपासायला आल्या. कंबर उचलून ओळ म्हणून दाखवली. त्या म्हणाल्या, काका, तुम्ही धरतच नाही, दर वेळी सोडता. मी यती समजावून सांगितला, उदाहरणासकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, म्हणजे तीन आठवडे तुम्ही पोटाला सोडायला शिकवलंत. जाताना हिला दारात हळूच काहीतरी सांगितलं. ऐकू आलं. खुर्चीबद्दल होतं.
बाई गणितात उत्तम. मराठीत काठावर पास.

३० मार्च
काल मेळावा झाला.
स्टेजवर बोक्याचा हात धरून चढलो. माझ्या मागे खुर्ची होतीच. मी ती बाजूला करायला लावली. बोका दोनदा म्हणाला, राहू दे रे. मी ऐकलं नाही. त्याचा हात सोडला. उभा राहिलो. खरंच उभा होतो, हात मोकळे, पोट आत. हॉल चिडीचूप. पहिली चार अक्षरं, चारही गुरू, अशी खणखणीत निघाली की मागच्या रांगेतले कान टवकारून बसले.

मग यती आला.

पोट सुटलं. शिकवलं होतं तसंच, वेळेवर. मी सरळ खाली बसलो, स्टेजच्या फळ्यांवर. लोकांना वाटलं अभिनय आहे. पाचव्या अक्षराची वाट पाहत सगळे तसेच थांबले. तोंडात अक्षर होतं, पण त्याला वर ढकलायला खालून काही येईना. शेवटी बोक्याने माइक घेतला आणि म्हणाला, थोडक्यात, पण सुंदर. टाळ्या पडल्या. मग चौघांनी मला खुर्चीत घालून खुर्चीसकट खाली उतरवलं. त्याला टाळ्या जास्त.

गाडीत हिने नुसता माझा पट्टा लावून दिला. टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

३१ मार्च, सकाळी सात
सतरंजी घातली. पंखा लावला. बाईंच्या पद्धतीने, आकडे.
एक, दोन, तीन, चार. कंबर खाली.
आकड्यांना यती नसतो, हे आता पोटाला कोण सांगणार.