उलट्या दिशेचे वळ

पोलपेरो, कॉर्नवॉल
९ नोव्हेंबर १८११

प्रिय पॅस्को,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळी ठीक आहोत. यंदा मासळी उदंड आली; मीठ लावून लावून माझ्या बोटांची सालटी निघाली. आईची दृष्टी आता पुरती गेली, जिभेची धार मात्र तशीच आहे. "माझा पॅस्को आरमारात बोसनचा, म्हणजे खलाशांच्या मुकादमाचा, मदतनीस झाला," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत असते. तू नाताळला येणार म्हणून तिनं एक बदकही पोसायला घेतलंय.

जेंकिन घरी आला. कामाचा राहिला नाही म्हणून तुमच्या जहाजानं सोडून दिलं. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. मला म्हणाला, "डोलकाठीवरून पडलो." मी बरं म्हटलं. तुझी चौकशी केली तर म्हणाला, "मजेत आहे तुझा भाऊ. अंगानं चांगला सुटलाय!"

पण नवऱ्याची पाठ बायकोपासून किती दिवस लपणार? ताप चढला तेव्हा सदरा मीच काढला. चाबकाचे वळ काही मी पहिल्यांदा बघत नव्हते. आपल्या बाबांच्या पाठीवरही होते, पण ते सगळे एकाच बाजूला तिरके. जेंकिनच्या पाठीवर उलट्या दिशेनंही आहेत. पहिल्यांना छेदून गेलेत आणि तिथेच मांस उकललंय. बारा फटके झाले की मारणारा बदलतो, हे इथं पोराटोरांनाही ठाऊक आहे. चाबूक बोसनच्या मदतनिसांनीच चालवायचा, हेही. डाव्या हातानं जेवतोस म्हणून बाबा तुला किती बोलायचे! त्या जहाजावर डावखुरा मदतनीस दुसरा कोणी आहे का रे? असला तर लगेच कळव.

नाही, कळवू नकोस. मी जेंकिनला विचारलंय.

तो माझ्यावरच उखडला. "पहाऱ्यावर डुलकी मला लागली, त्याला नाही! हात आखडता घेतला असता तर कप्तानानं त्यालाच फटक्यांसाठी बांधला असता. मग तुझ्या आईला काय सांगत होतो मी?" थोड्या वेळानं भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "नंतर येऊन माझ्या पायाशी बसला होता गं."

मला सगळं समजतं, पॅस्को. तुला नाही म्हणता येत नव्हतं. पण समजलं म्हणून मन निवत नाही. पाठ जेंकिनची, त्यानं माफ केलं. ती रोज धुते मी. धुताना तुझी चीड येते, आणि मग तुझ्याच आठवणीनं रडू येतं.

आईला यातलं काही माहीत नाही. ही थंडी ती काढेल असं वाटत नाही. तेव्हा ये. जेंकिनच म्हणतो, बोलाव त्याला. आईजवळ बस, तिला हसव. दिसत नाही म्हणून ती तुझे हात चाचपत राहील, चाचपू दे. मी तुला जेवायला वाढीन, अंथरूण घालीन. दारात मला मिठी मारायला मात्र येऊ नकोस. तेवढं मला अजून जमायचं नाही.

तरीही तुझीच बहीण,
टॅम्सिन