अकरा फंक्शनांचा मसुदा

ता. ६ मार्च
चाचणीची खोली

प्रिय मेहुणेबुवा,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळे बरे. तुझ्या ताईचा खांदा आता वर जातो. माळ्यावरचे डबे स्वतः काढते आणि तिथूनच मला बोलते. लेकीची परीक्षा संपली. तुझं नवं घर हवेशीर आहे असं कळलं.

मसुदा मंजूर झाल्याबद्दल मी फोनवर तुझं अभिनंदन केलं होतं. ते नीट झालं नव्हतं, म्हणून लिहितो आहे.

दोन वर्षं आपण एकाच गोष्टीच्या मागे होतो. तू मुख्य कचेरीत, मी इथे. फ्रिजचं तापमान कळवणाऱ्या आपल्या यंत्रात वायफाय असो, केबल असो की सिमकार्ड, वरच्या प्रोग्रॅमला ते कळायचं कारण नाही. त्याने एकाच पद्धतीने ‘पाठव’ म्हणावं आणि निरोप जावा. माझ्या मसुद्यात चौतीस फंक्शनं होती, तुझ्यात अकरा. तुझ्या ताईला यातलं काही कळत नाही, पण आकडे कळतात.

“अकराच?” ती म्हणाली. “मग तुम्ही एवढं काय लिहीत बसला होतात हो?”

“त्याला सोपं गेलं, कारण अवघड भाग मी आधीच करून ठेवला होता.”

“तोही सभेत तेच म्हणाला ना? सगळं भावजींकडून शिकलो म्हणून. मग तोंड का पाडलंय?”

निवृत्त माणसाबद्दल बोलतात तसं तू बोललास. मला निवृत्त व्हायला चौदा वर्षं आहेत.

मंजुरीआधी तुझा मसुदा तपासायला माझ्याकडेच आला होता. तो मी तीन दिवस वाचला. पटला पहिल्याच दिवशी. उरलेले दोन दिवस मी चूक शोधत होतो.

सापडली. तुझं ‘पाठव’ लगेच परत येतं. ते बरोबरच आहे. प्रोग्रॅमने ताटकळत का बसावं? पण परत आल्यावर निरोपाची मेमरी कोणाच्या ताब्यात, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस. वायफायची चिप निरोप तिथल्या तिथे उचलते, म्हणून तुझ्या टेबलावर सगळं चाललं. सिमचा मोडेम सावकाश उचलतो. तोवर प्रोग्रॅमने त्याच जागेवर पुढचं तापमान लिहिलेलं असतं. मी यंत्र रक्तपेढीच्या फ्रिजला जोडलं आणि दार उघडलं. तापमान दोनदा आलं. दार उघडल्याचा निरोप आलाच नाही. पाच वेळा करून पाहिलं.

नऊ वर्षांपूर्वी मी हीच चूक केली होती. तेव्हा तू आमच्या जेवणाच्या टेबलावर सोल्डरिंग शिकत होतास. तुला ती सांगितली नाही. तू माझ्याकडे फार आदराने पाहायचास.

चूक दिसली तेव्हा मला आनंद झाला, मेहुणेबुवा. मी फ्रिजचं दार लावलं, अहवालावर ‘हरकत नाही’ लिहिलं आणि सही केली. यंत्रं रुग्णालयांत लागली की चूक आपोआप वर येणार होती, तुझ्या नावासकट. तिथल्या फ्रिजांतल्या रक्ताचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि मी जेवायला गेलो.

काल पहिली वीस यंत्रं खोक्यांत भरत होते. पॅकिंगच्या बाईंनी विचारलं, “साहेब, हे तुमच्या मेहुण्यांचं काम ना?” मी हो म्हटलं.

“मग जरा जपून भरते,” त्या म्हणाल्या.

आज कचेरी उघडताच मी पाठवणी थांबवली. कागदावर कारण दिलं, ‘तपासताना नजरेतून सुटलं.’ ते खोटं आहे. खरं फक्त या पत्रात आहे. आपल्या साहेबांना दाखवायचं की नाही ते तू ठरव. दाखवलंस तर मी नाकारणार नाही.

ताईला मी अजून बोललो नाही. मी सांगायला गेलो तर त्यातही स्वतःला सावरून घेईन. तूच सांग.

दुरुस्ती एका ओळीची आहे. ती इथे लिहिणार होतो. पण मग तुझ्या मसुद्यात माझी एक ओळ राहील, आणि ती राहावी असं मला फार वाटतं आहे. म्हणून लिहीत नाही. तुला पाच मिनिटांत सुचेल.

तुझ्यावर अजूनही जळणारा,
भावजी