बलकाचा पिवळा

४ नोव्हेंबर

अखेर लेकीच्या डोंगरातल्या गावी, सिलुमुतला पोचलो. ब्रेबेसच्या समुद्रकाठची खारट, घामट हवा बासष्ट वर्षं अंगावर वागवली, आणि इथे गाडीतून उतरलो तर तोंडातून वाफ निघाली. लहान मुलासारखा दोनतीनदा मुद्दाम फुंकून पाहिलं. वेनिंग दारात उभी राहून हसत होती. म्हणाली, बाबा, पुस्तकं दोन खोकी आणलीत, स्वेटर किती आणले? एकही नव्हता. मग तिने एक जाड लुंगी माझ्या डोक्याखांद्यांभोवती गुंडाळली. इथले सगळे बाप्ये तसेच फिरतात; नुसते डोळे दिसतात.

वेनिंग माझी एकुलती एक. वरच्या वाडीतल्या दवाखान्यात ती सुईण आहे. माझी बायको मुर्नी वारल्यापासून ब्रेबेसच्या घरात मी आणि भिंतीवरची पाल असे दोघेच उरलो होतो. लेकीनेच हट्टाने बोलावून घेतलं. घर दोन खोल्यांचं, पत्र्याचं. खिडकीतून रस्ता दिसतो, बटाट्याच्या वाफ्यांमधून वळत वर गेलेला. दुपारची नमाज होते न होते तोच डोंगरावरून धुकं उतरतं आणि रस्ता पुसून टाकतं, फळा पुसावा तसा.

तिची सुट्टी तीनला होते. आजवर कोबीच्या ट्रकमधून लोंबकळत यायची. मी माझी जुनी मोटरसायकल ट्रकवर घालून आणली आहे. उद्यापासून मीच तिला आणणार. ती शाळेत होती तेव्हा आणायचो, तसंच. तेव्हा या एका सीटवर आम्ही तिघं मावायचो: पुढे मी, मध्ये वेनिंग, मागे मुर्नी. कुणी चढायचं असलं की बसलेल्याने सरकून जागा करायची.

६ नोव्हेंबर

दोन दिवसांत दोनदा शेतात घुसलो. दिवा पांढरा आहे. ब्रेबेसला तो कधी खटकला नाही. कायद्याने दिवसा लावायचा म्हणून लावायचा, एवढंच. इथे त्याचा झोत धुक्यावर आपटून उलटा डोळ्यांत येतो. समोर चुन्याची भिंत उभी. वेनिंग मागून म्हणाली, बाबा, बटाटे काढायचेच असतील तर कुदळ आणू का? दवाखान्यातल्या सार्मीकाकू, केर काढण्यापासून बाळंतिणीला धीर देण्यापर्यंत सगळं करणाऱ्या, त्यांनीही सांगितलं की गुरुजी, इथे पांढरा चालत नाही, तुकिरानकडे जा.

७ नोव्हेंबर

तुकिरानचं गॅरेज वळणावर आहे. ग्रीसने काळे झालेले हात, बोलणं गोड. त्याने सांगितलं की पिवळाच लावायचा, पण कुठला पिवळा ते ठरवायला वेळ घ्यायचा. इथे घराघराची छटा वेगळी. बायका खिडकीत बसतात आणि धुक्यातून येणारा ठिपका पाहून ओळखतात की आपला माणूस आला, भात वाढा. एकाचा रंग दुसरा घेत नाही. तिथे बसलेला एक कोबीवाला म्हणाला, मी मागे चुकून शेजाऱ्याचा रंग लावला, तर शेजारणीने मला कोंबडी वाढली. माझ्या घरी मात्र आठ दिवस मिरचीभातच होता. सगळे हसले.

डब्यातले दिवे एकेक लावून पाहिले. लिंबासारखा, केळ्यासारखा, हळदीसारखा. एकही मनात भरेना. तेवढ्यात फळीच्या कोपऱ्यात कागदात गुंडाळलेला एक सापडला. लावला, आणि मी जवळ सरकलो. खारवलेलं बदकाचं अंडं मधोमध कापावं आणि आत बलक तेलाने चमकावा, तो रंग. अशा अंड्यांसाठी नावाजलेल्या आमच्या ब्रेबेसचा रंग. मुर्नी सणाला अंडी कापायची तो रंग. चौथीच्या मुलांना बत्तीस वर्षं शिकवलेली कविता ओठांवर आली:

दूर दिसे जो पिवळा ठिपका, तो माझ्या घरचा दिवा

पुढची ओळ काही केल्या आठवेना. म्हातारपण.

मी म्हणालो, हाच. कोबीवाला उठून गेला. तुकिरानने दिव्याची काच फडक्याने पुसली आणि म्हणाला, न्या. पैसे घेतले नाहीत.

१२ नोव्हेंबर

काय सुख आहे. रस्ता लोण्यासारखा उलगडतो. वेनिंगला रंग फार आवडला. म्हणते, दवाखान्याच्या ओट्यावरून अर्धा मैल आधी कळतं की माझे बाबा आले, मी पिशवी उचलते. धुक्यात मी कुठे दिसतो; नुसता दिवा दिसतो, आणि दिवा म्हणजे मी. लेकीने आपल्याला दुरून ओळखावं, याहून म्हाताऱ्याला काय हवं?

गावातले लोक मात्र मी आलो की बोलणं थांबवतात. बाहेरचा माणूस, रुळायला वेळ लागणारच.

१७ नोव्हेंबर

आज वेनिंग रागावली. म्हणाली, बाबा, एकदा आलात ते तसेच का गेलात? मला समजेना. तिने सांगितलं की पावणेतीनला दिवा ओट्याशी येऊन थांबला. ती मागे बसणार तेवढ्यात सार्मीकाकूंनी आतून हाक मारली, एका बाईला कळा सुरू झाल्या होत्या. बाईला खाटेवर निजवून वेनिंग पाच मिनिटांत बाहेर आली तर कुणी नाही. आणि मग वीस मिनिटांनी मी आलो, जणू पहिल्यांदाच.

पावणेतीनला मी घरी चहा गाळत होतो.

तिला म्हटलं, दुसरा कुणी असेल. ती म्हणाली, हा रंग दुसऱ्या कुणाचा नाही.

२० नोव्हेंबर

जाताना मला दिसला. पुढे, शंभर हातांवर. माझ्याच रंगाचा ठिपका, आणि तो माझ्याकडे तोंड करून होता. येत मात्र नव्हता. मी वेग वाढवला की तो तेवढाच मागे सरकायचा. दवाखान्याच्या वळणावर विझला. वेनिंगला सांगितलं नाही.

२२ नोव्हेंबर

तुकिरानला जाऊन धरलं. आधी टाळत होता. मग पाना खाली ठेवून रडायला लागला. तो दिवा त्याच्या धाकट्या भावाचा, वार्सितोचा. अकरा वर्षांपूर्वी बायकोला आणायला वर निघाला. ती शेताच्या बांधावर वाट पाहत होती, आणि तो तिसऱ्या वळणावरून दरीत गेला. गाडी मिळाली, दिवा शाबूत मिळाला. वार्सितो मिळाला नाही. त्याची बायको पुढच्या वर्षी माहेरी निघून गेली. तुकिरान म्हणाला, गुरुजी, तो रोज धुक्यात चाचपडतो, मला इथे बसून कळतं. दिव्याशिवाय त्याला वाट कशी दिसणार? म्हणून तुम्हाला दिला; वाटलं, जिवंत माणसाच्या गाडीला तो रंग लागला, त्याच्यासाठी कुणी वाट पाहिली, पोचल्यावर हसलं, तर तोही एकदाचा पोचेल. सुटेल.

मी विचारलं, कुणाला घेऊन सुटेल? त्याने पाना पुन्हा उचलला.

दिवा काढला. पांढरा बसवला.

वेनिंगला सगळं सांगितलं. ती हसली नाही, पण मानलंही नाही. म्हणाली, बरं, उद्यापासून पांढऱ्यावरच बसेन, झोपा आता.

२३ नोव्हेंबर

जे झालं ते लिहून ठेवतो.

धुकं कालच्या दुप्पट होतं. पांढऱ्या दिव्यात चाकही दिसेना. गाडी हाताने ढकलत नेली. पावणेचारला पोचलो. ओट्यावर सार्मीकाकू एकट्या. मला पाहून त्यांनी केरसुणी खाली ठेवली. म्हणाल्या, गुरुजी, तुम्ही तर मघाशीच तिला घेऊन गेलात.

तीनला पिवळा आला. वेनिंग थोडी थबकली. मग काकूंना म्हणाली, बाबांना पांढऱ्यात दिसलं नसेल, पुन्हा पिवळाच लावलेला दिसतोय, हट्टी म्हातारा. आणि बसली.

लुंगीतून नुसते डोळे दिसतात.

२५ नोव्हेंबर

सगळं गाव दोर घेऊन दरीत उतरलं. तिसऱ्या वळणाखाली तिची एक पांढरी चप्पल मिळाली. कोरडी. खाली काहीच नाही, गाडीची खूणसुद्धा नाही. कोबीवाल्याने मला भात आणून दिला आणि डोळे वर न करता गेला.

मी हा पिवळा निवडला नसता तर. केळ्यासारखा चालला असता. लिंबासारखाही.

२८ नोव्हेंबर

तीन वाजता पिवळा दिवा खिडकीखालून गेला. पुढे लुंगीत गुंडाळलेलं कुणी. मागे वेनिंग, पिशवी मांडीवर. धावत बाहेर गेलो, नावाने ओरडलो. तिने मान वळवली नाही. ती पुढे पाहत होती, घर यायचं आहे अशी.

२९ नोव्हेंबर

पुन्हा. थांबत नाही.

तुकिरान आला होता. म्हणतो, दिवा फोडून टाका गुरुजी, वाटच बंद करा. हातोडा ठेवून गेला.

फोडला तर— तीही वार्सितोसारखी. अंधारात. अकरा वर्षं, वीस वर्षं. माझी लेक धुक्यात हात पुढे करून—

नाही फोडत.

२ डिसेंबर

त्यांना घर ओळखू येत नसेल. खिडकीत दिवाच नाही, तर कसं यावं?

पिवळा पुन्हा गाडीला बसवला. गाडी अंगणात उभी केली, रस्त्याकडे तोंड करून. चालू ठेवली आहे. अंगण सगळं बलकाच्या रंगाचं. मुर्नी, तू पाहायला हवं होतंस.

पावणेतीन.

दुसरी ओळ आठवली. बत्तीस वर्षं पोरांकडून घोकून घेतली, एकदाही भीती वाटली नाही—

विचारू नको रे कोण आले, दार उघड तू जिवा

आला. रस्त्यावर थांबला आहे. पहिल्यांदाच थांबला.

वळला. अंगणात. समोरासमोर दोन दिवे, एकच रंग. त्याच्या गाडीचा आवाज नाही, फक्त माझीच—

ती हाक मारते आहे. बाबा, कितीदा ओरडू, गारठले. तिचाच आवाज. पुढचा कोण ते दिसत नाही. लुंगीत डोळेही नाहीत—

विचारायचं नाही.

ती सीटवर मागे सरकली आहे. मध्ये जागा करून, एका माणसापुरती. दाराची कडी काढतो—