शेवग्यातला तांबट

मल्लेश्वरम, बंगळूर
२० फेब्रुवारी १९९६

चि. अहल्येस अनेक आशीर्वाद.

गुरुप्रसादने मारुती घेतली. तिला जागा हवी म्हणून अंगणातला वठलेला शेवगा पाडायचा त्याने घाट घातलाय. मी साफ नाही म्हटलं. खोडात तांबटाच्या जोडीने घर कोरलंय, आत पिल्लं आहेत. सुतारपक्ष्याचा हा चुलतभाऊ. अंगाने हिरवा, कपाळ तांबडं. दुपारभर त्याची टुक् टुक् चालते आणि मला आपली शाळा दिसते, कविता म्हणून घेताना बाकावर छडीने ताल धरणारे गुरुजी दिसतात. चिरंजीव म्हणतात, झाड मेलंय. मी म्हटलं, मी अजून नाही मेलो.

भांडणात तुझी साथ गृहीत धरणारा,
दादा

सातारा
२७ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

साथ आहेच, पण वहिनी असती तर तुला एका नजरेत गप्प केलं असतं. गुरु फोनवर रडकुंडीला आला होता. बाबा पाखरांशी बोलतात, माझ्याशी नाही, म्हणाला. तू पेन्शनला बँकेत गेलास की तो झाड पाडेल आणि तू त्याला जन्मभर माफ करणार नाहीस, हीच मला धास्ती. शिडीवर चढू नकोस, गुडघा आठव.

रागावलास तरी माया आटू देऊ नकोस.
अहल्या

मल्लेश्वरम
७ मार्च

चि. अहल्येस आशीर्वाद.

तुझी धास्ती खरी ठरली. सोमवारी बँकेतून आलो तर शेवगा आडवा. तोडणारा देवाप्पा म्हणाला, "स्वल्प लेट झालात, सार." पोकळ ओंडक्याला कान लावला, आत चिवचिव होती. तसाच खांद्यावर घेऊन गच्चीवर गेलो आणि टीव्हीच्या अँटेनाच्या खांबाला कपड्यांच्या दोरीने उभा बांधला. गुडघा वाटेत आठवला. आईबाप बराच वेळ तारेवर बसून होते. मग एक जण चोचीत उंबर घेऊन आत शिरला.

अँटेना वाकडी झाली, टीव्हीवर नुसत्या मुंग्या. परवा इथेच पाकिस्तानशी मॅच, आणि गुरुने मित्र बोलावलेत. काल तो पक्कड घेऊन वर आला. मी खांबाशी खुर्ची टाकून बसलो होतो. म्हटलं, "आधी मला उचलून खाली ने." तेवढ्यात भोकातून एक चोच बाहेर आली. तो बघत राहिला, मग म्हणाला, "गाठ ढिली आहे, बाबा," आणि स्वतःच आवळली.

मॅच तो मित्राकडे बघणार आहे. बोलणं सुरू झालंय. पण पिल्लं उडेपर्यंत खुर्ची मी हलवत नाही.

तुझ्या मायेचा हक्कदार,
दादा