माऊथपीसचा डबा

नाना,

तुमच्याविरुद्ध एक तक्रार आहे आणि ती गंभीर आहे. तुमच्या समस्त स्थावर-जंगम इस्टेटीपैकी जो बिस्किटांचा पत्र्याचा डबा माझ्या वाट्याला आला, त्याचं झाकण उघडत नाही. परवा त्यापायी मी एक चमचा वाकवला, एक नख गमावलं, आणि "ठेवा ते खाली, मी बघते" हे तुमच्या सुनेचं बोलणं ऐकून घेतलं. तिने झाकणाची कड गॅसवर जराशी शेकली, फडक्याने धरून एक पीळ दिला, निघालं. पंचवीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवूनही एवढी विद्या माझ्या हाती आली नाही, असं तुम्ही नक्की म्हणाला असतात. आत सुतळीचा गुंडा होता आणि पितळेचा तो वास. नाना, तो वास अजून आहे.

डबा उघडावा का लागला, ते नीट बसून ऐका. युनियन परत उभी राहिली आहे!

आता तुम्ही डोळे बारीक करून विचाराल, कोणती युनियन? तुमच्या वेळची धुळे-जळगावच्या बँडवाल्यांची युनियन म्हणजे मुळात आपलं स्वयंपाकघर. संप ठरला की प्रत्येक वाजवणाऱ्याने आपल्या वाद्याचा तोंडात धरायचा तुकडा, माऊथपीस, काढून तुमच्याकडे जमा करायचा. ताशावाल्यांनी काड्या. माणूस दिलेला शब्द मोडेल, पण माऊथपीसशिवाय ट्रम्पेट वाजवून दाखवू दे, हा तुमचा सिद्धांत. मी कॉलेजात जाणारा, अक्षर बरं, म्हणून प्रत्येक तुकड्याला नावाची चिठ्ठी सुतळीने बांधायचं काम माझं. "शास्त्रीबुवा, अक्षर असं काढा की चोरालाही वाचता आलं पाहिजे." आई तो डबा तूरडाळ आणि दादर ज्वारीच्या पिठाच्या मधे ठेवायची. मला ती सकाळ दिसते: नवरदेवाचा बाप पाटावर बसलेला, टोपी मांडीवर, आई त्याच्यापुढे चहा ठेवते आहे आणि तुम्ही अगदी गोड आवाजात म्हणता, "माणसं वाजवायला तयार आहेत हो. फक्त आधी त्यांना पंगतीत बसवा. उपाशी माणसाची फुंक लांबत नाही." वऱ्हाड जेवून ढेकर देईपर्यंत तुमची माणसं मांडवामागे उन्हात उभी असायची. तुमची मागणी एवढीच होती.

पुढे डीजे आला. फुंकणाऱ्यांची गरज राहिली नाही, तशी फुंकणाऱ्यांच्या युनियनचीही. तुम्ही गेलात त्यानंतर वर्षातून एकदा पाच म्हातारे जमायचे, तुमच्या फोटोला हार घालायचे आणि गुडघ्यांविषयी बोलायचे. मी त्यांचा सेक्रेटरी. इतकी शांतताप्रिय संघटना जगात दुसरी नसेल.

आणि मग गेल्या रविवारची जळगावची बैठक! आता अहिराणी गाण्यांचा सुकाळ आहे, नाना. गावोगावची पोरं-पोरी गाणी करतात, मोबाइलवर सगळं जग ती बघतं, आणि मग लग्नात, हळदीत त्यांनाच बोलावतात. गाणाऱ्या, नाचणाऱ्या, कीबोर्डवाले, ढोलवाले. मात्र मांडवामागचं ऊन तेच. चाळीसगावाकडून माणसं आली, पिंपळनेरहून गाडी भरून ढोलवाले आले, खुर्च्या संपल्या. एक गायिका उठली, तिशीतली, आवाज असा की माइक तिच्यापुढे शोभेलाच. म्हणाली, "साडी बदलायला आम्हाला ट्रॅक्टरची ट्रॉली देतात. चौघी पदर धरून उभ्या राहतात, पाचवी बदलते. पाणी मागितलं तर म्हणे, वऱ्हाडाचं होऊ द्या." एकेक करत सगळे हात वर झाले. ठरलं: अखजीला, ऐन अक्षय्य तृतीयेच्या लग्नमुहूर्तावर, संप. सावली, पाणी, आधी जेवण, बायकांना खोली. हे नाही तर सगळ्या खान्देशात वाजणार नाही.

तेवढ्यात आपल्या पाच म्हाताऱ्यांतले क्लॅरिनेटवाले आबा मागून ओरडले, "शास्त्रीबुवा, नानाना डबा शे का अजून घरमा?"

मग जी धमाल झाली ती तुम्ही बघायला हवी होती. कीबोर्डवाल्याने काय जमा करायचं? अॅडॉप्टर. आणि डीजे, हो नाना, तुमचा वैरीही आता सभासद आहे, त्यालाही ट्रॉलीमागेच उभं करतात. तो म्हणाला, "मी पेनड्राइव्ह देतो." आबा लगेच, "याना बठ्ठा संगीत खिशामा मावस!" डीजेच सगळ्यांत मोठ्याने हसला. गायिका म्हणाली, "सर, गळा कसा जमा करू?" कोणीतरी म्हणालं, "अक्का, तू फोन दे, फोनबिगर तू दोन दिवस जगत नाहीस."

काल दिवसभर तालुक्यातालुक्यातून पिशव्या येत होत्या. डबा तासाभरात भरला. तुमच्या सुनेने गव्हाचं पिंप रिकामं करून दिलं. मी चिठ्ठ्या लिहीत होतो, बोटं दुखत होती आणि मी लहान मुलासारखा खूश होतो. शेवटी गायिका आली. तिने फोन नाही, स्वतःचा माइक दिला, लाल फडक्यात गुंडाळलेला. म्हणाली, "माझ्या धाकट्या बहिणीची हळद अखजीलाच आहे. मी मागायला आले तरी देऊ नका, सर." मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "नाही देणार." डब्यातले काही तुकडे पिंपात हलवून तिचा माइक मी डब्यातच ठेवला.

नाना, आता ऐका. तुमचा शेवटचा संप चौथ्या दिवशी फुटला. तुम्ही बैठकीत उभे राहून म्हणालात, "डबा माझ्या घरी होता, चूक माझी," आणि अध्यक्षपद सोडलंत. मी दारातच उभा होतो. ट्रम्पेटवाले भाऊ तिसऱ्या दिवशी दुपारी आले तेव्हा तुम्ही बाहेर गेला होतात, आई विहिरीवर. ते ओट्याला टेकून म्हणाले, "बठ्ठा गावना लगीनमा मी वाजाडं. मनी आंडेरना लगीनमाच मुका बठू का?" पोरीच्या लग्नात बापाने मुकं बसायचं? मी झाकण काढलं, चिठ्ठी वाचली, माऊथपीस त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी फक्त आपल्या मांडवात वाजवलं. पण ट्रम्पेट मांडवात मावत नाही. दुसऱ्या सकाळी आपल्या दारात रांग होती, त्याचा दिला तर आमचाही द्या. पंगतीची गोष्ट तिथेच संपली. तुम्ही मला कधी विचारलं नाही. संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणालात, "झाकण घट्ट बसवून घ्यायला पाहिजे." ते तुम्ही घट्ट बसवूनही घेतलंत, आणि मी परवा त्याच्यावर नख मोडलं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, नाहीतर आधीच पाठवलं असतं असं म्हणवत नाही. डब्यात, माइकशेजारी ठेवतो.

उद्या अखजी. आत्ता दुपार आहे, तुमची सून बाहेर गेली आहे, मी घरात एकटा. काळजी संप फुटेल याची नाही. लोक पक्के आहेत. त्या दिवशी भाऊंना माऊथपीस दिला त्यात मी चुकलो, असं मला आजही पुरतं वाटत नाही. म्हणून फाटक वाजलं की मी दाराकडे बघतो. ती गायिका खरंच माइक मागायला आली, तर मी काय करीन ते मला माहीत नाही.