मातीची खाट

प्रिय ताई,

तू बरी असशील, असं लिहिणार होतो. पण गेल्या रविवारी आईने फोनवर तुझा आवाज ऐकला आणि फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाली, की पोरगी उभ्याउभ्या झोपतेय. म्हणून ते वाक्य गाळतो. हे पत्र मी दुसऱ्यांदा उतरवून काढतोय, पहिल्यात खाडाखोड फार झाली होती. समोर बसलो की माझी जीभ टाळूला चिकटते, हे तुला ठाऊकच आहे. फोनवर तू म्हणतेस, बोल लवकर, राऊंड आहे, आणि मग मी सांगायचं ते सोडून आईच्या गुडघ्याचंच सांगत बसतो. आईचा गुडघा बरा आहे.

तू वर्ग सोडून गेलीस त्याला सहा आठवडे झाले. तुझी जागा अजून रिकामी ठेवली आहे. पुढच्या शुक्रवारी मॅडम दुसऱ्या सत्राची यादी कार्यालयात देतील. त्यात तुझं नाव नसलं, की कलोपचाराचा हा अभ्यासक्रम सुटला. दोन वर्षं अर्ज करकरून तुझ्या रुग्णालयाने आठवड्याचे दोन दिवस मोकळे करून दिले होते, तेही मग परत मिळायचे नाहीत. तुला हे माहीत आहे. मी लिहितोय ते मला झोप लागत नाही म्हणून.

इकडे खोली तशीच आहे. सकाळी आठला कुलूप काढतो, खिडक्या उघडतो, मातीच्या गोळ्यांवरचं फडकं पुन्हा ओलं करतो, कागद कापून ठेवतो, ब्रश लहान-मोठे वेगळे लावतो. तुमच्या वर्गातले फिजिओथेरपिस्ट, ज्यांना तूच हाडवैद्य नाव दिलंस, ते अजून चित्र काढण्याआधी पट्टी मागतात. मी म्हटलं, साहेब, मॅडमनी पट्टी द्यायला मनाई केली आहे. तर म्हणाले, मॅडमची नको, तुझी दे. समुपदेशक बाई ढोल वाजवण्याआधी अजून विचारतात, की शेजारच्या खोलीत कोणाला त्रास तर नाही ना होणार.

तीन वर्षं दाराबाहेरच्या स्टुलावर बसून मला एवढं कळलं, की इथे शिकायला येणारे सगळे दुसऱ्याला सावरून सावरून दमलेले असतात. मोठ्या पदव्या आहेत, हाताखाली माणसं आहेत. पण वर्गात एक जण रडायला लागला की पाच जण पाण्याचा ग्लास घेऊन धावतात. सबंध पहिल्या सत्रात मॅडम मुख्यतः हेच शिकवतात, की धावू नका, बसून राहा, ज्याचं आहे त्याचं त्याला करू द्या. म्हणून तर दारावर तो कागद आहे, की इथे केलेली वस्तू करणाऱ्याशिवाय कोणी उचलायची नाही, पुसायची नाही, सुधारायची नाही. तो कागद मी लिहिला. मॅडम म्हणाल्या होत्या, तुझं अक्षर छापल्यासारखं आहे. नववीत शाळा सुटलेल्या माणसाला एवढं पुरतं. आठवडाभर मी ताठ मानेने हिंडलो होतो.

तुला इथे आणलं तेही मीच. अर्ज घेऊन तुझ्या नर्सेसच्या वसतिगृहावर आलो, तेव्हा तू पाय गरम पाण्यात सोडून बसली होतीस आणि म्हणालीस, मला आता चित्रं काढायला लावतोस होय रे? पण दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलंस, की जे रुग्ण बोलतच नाहीत त्यांचंही काही होतं का यातून. वॉर्डाच्या टोकाला जी अडगळीची खोली आहे, तिथे टेबल कुठे ठेवायचं हे तू प्रवेश मिळण्याआधीच ठरवून ठेवलं होतंस. पंधरा वर्षांत तुला कामाबद्दल एवढ्या हौसेने बोलताना मी ऐकलं नव्हतं.

बाबा चार वर्षं खाटेवर होते तेव्हा आपल्या पाळ्या न बोलता ठरल्या. दिवसा मी, कारण माझी शाळा गेलीच होती, आणि आईला दुकानात उभं राहणं भाग होतं. तिन्हीसांजेपासून तू. दिवसभर परक्यांची अंथरुणं बदलून यायचीस आणि चपला काढायच्या आधी बाबांची चादर बघायचीस. तुला बोलायला जागा राहू नये म्हणून मी चारी कोपरे ताणून खोचायचो. तरी तू त्यांचा डावा गुडघा उचलून खालची उशी बोटभर सरकवायचीसच. तो गुडघा शेवटपर्यंत सरळ झाला नाही. दमले, असं तू कधी म्हटलं नाहीस, म्हणून मीही म्हटलं नाही. भेटायला येणारे म्हणायचे, अशी पोरं मिळायला नशीब लागतं. मग आपण दोघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचो.

त्या बुधवारी वर्गात काय झालं ते मला नंतर कळलं. आपल्या कामातली कोणालाही न सांगितलेली एखादी वेळ मातीत करा, असं मॅडम म्हणाल्या. तू खाट केलीस आणि तिच्यावर माणूस. विचारल्यावर म्हणालीस, वॉर्डातला एक पेशंट. मग सगळ्यांसमोर मूठ आवळून तू ती खाट फोडलीस. मॅडम जागच्या उठल्या नाहीत. तुकडे पाटावर तसेच ठेवून तू म्हणालीस, असू दे, उद्या बघेन.

संध्याकाळी सहाला मी झाडायला आत गेलो. फळीवर तुझा पाट होता. पुढे कोणी विचारलंच तर, मला वाटलं पडून फुटलं, असं सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं. ताई, ते खोटं आहे. पडून फुटलेली माती अशी चेपत नाही. तिच्यात बोटांचे सांधे उमटले होते. आणि एका तुकड्यावर दुमडलेला डावा गुडघा होता.

मी बादली खाली ठेवली. माती अजून ओलसर होती. जोड धरावा म्हणून दोन्ही कडांवर सुईने रेघा ओढल्या, पातळ मातीचं बोट फिरवलं, दाबून धरलं. आधी खाटेचे पाय, मग पाठ, मग डोकं. गुडघा सगळ्यात शेवटी. दीड तास लागला. वर ओलं फडकं घालून घरी गेलो आणि आईला म्हटलं, आज काम जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी तू फडकं उचललंस तेव्हा मी चहाचे कप घेऊन दारातच होतो. तू ओरडशील असं वाटलं. तू नुसतं म्हणालीस, "इथेही कोणाला मोडलेलं बघवलं नाही." पर्स घेतलीस आणि माझ्या बाजूने जिना उतरून गेलीस. मॅडमनी एकेकाला विचारलं. मला विचारलं नाही, कारण मी असं काही करीन हे कोणाच्या मनातही आलं नाही. संशय गेला हाडवैद्यांवर. मोडलेलं दिसलं की काहींचे हात शिवशिवतात, असं समुपदेशक बाई हसत म्हणाल्या. पण त्या दिवसापासून डबा खाताना त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली. सहा आठवडे मी ते बघत होतो आणि कप विसळत होतो.

परवा बुधवारी वर्ग सुरू व्हायच्या आधी आत गेलो आणि सांगून टाकलं. पाठ करून गेलो होतो, निम्मं विसरलो.  हाडवैद्य म्हणाले, जोड मात्र चांगला बसवलास रे, मला नसता जमला. मॅडमनी विचारलं, का केलंस? मी म्हटलं, ते आमचे बाबा होते. त्यांनी पाणी दिलं नाही, पाठीवर हात ठेवला नाही, समोर बसून राहिल्या. सगळे बसून राहिले. फार जड जातं ते. समोरचा आपल्याला सावरायला येत नाही म्हटल्यावर पोटात दडवलेलं सगळं वर येतं. माझ्या नोकरीचं काय, ते नंतर बघू म्हणाल्या. आधी तिला तू कळव.

म्हणून कळवतो. शेवटच्या वर्षी एका दुपारी बाबांनी हाक मारली आणि मी गेलो नाही. बाहेर जिन्यात जाऊन बसलो. हाका येत राहिल्या, मग थांबल्या. मला वाटलं, सुटले, आणि ताई, मला हलकं वाटलं. आत गेलो तर ते जागे होते. म्हणाले, आलास का. अंथरूण ओलं झालं होतं. तू यायच्या आत मी सगळं बदलून टाकलं आणि आजवर कोणाला बोललो नाही. फळीवरचे ते तुकडे बघून मला वाटलं, मी जे मनात केलं होतं तेच कोणीतरी उघड्यावर मांडून ठेवलंय. तुझं कोणाला बघवलं नाही असं नाही, माझं मला बघवलं नाही. तुझ्या मुठीत काय होतं ते मी विचारणार नाही. हे पत्र सोमवारपर्यंत तुझ्या हाती पडेल, यादी शुक्रवारी पाचला जाईल, आणि तुझं नाव ठेवायचं की नाही हे तू मॅडमना कळव. नाही म्हणालीस तरी चालेल. पण दमलीस म्हणून नाही म्हण, माझ्या हातामुळे नको.

तुझाच,
धाकटा