मुकुंदवाडी फायटरच्या मोठ्या तारखा

२८ फेब्रुवारी २०१६, रविवार
टीमच्या मोठ्या तारखा कुणीतरी लिहून ठेवाया पाहिजेत. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण अक्षर लई सुबक. दसऱ्याला बिल्डर तात्यासाहेबांनी ही पगारी फुटबॉल टीम काढली. आमचा नातू गोकुळ त्यात गोलकीपर. आज पहिली मॅच. हरलो, चार-शून्य. कारण मी डोळ्यांनी बघितलं: कोचनं मॅचआधी पोरांना एकेक केळं दिलं. केळं! लग्नात असं वाढलं तर वऱ्हाड रुसून माघारी जाईल. ठरलं. पुढच्या रविवारपासून टीम माझ्या हातचं जेवणार.

६ मार्च, रविवार, दुपारी
सगळी टीम ओट्यावर पंगतीला. पुरणपोळी, आमटी, वर तुपाची धार. कॅप्टन पुंडलिक तीन पोळ्यांवरच उठाय लागला. म्हणलं, बस खाली, तुला माझी आण. सहा खाल्ल्या. गुणाचं पोरगं.

संध्याकाळी
सहा-शून्य. शून्य आपलं. पुंडलिक मैदानातच आडवा झाला. गोकुळ खाली वाकला की वर येईना. ऊन लई. गवत तर दुष्काळानं कवाच गेलं. अन् तूप कमी पडलं.

८ मार्च
कोच घरी आला. गोव्याचा आहे, बोलतो गोड. हात जोडून म्हणाला, आजी, मॅचच्या दिवशी जेवण नको. मी व्हय म्हणलं. पाहुण्याचं मन कशाला मोडा? जाताना दोन धपाटे खाल्ले त्यानं. म्हणजे मनातून पटलंय.

१३ मार्च, रविवार
कोचला चुकवून डबे पोचवले. पोळ्यांसंगं भजी. आठ-शून्य.
तात्यासाहेब सगळ्यांसमोर ओरडले, पुढची मॅच हरलात तर टीम बंद, मैदानावर प्लॉट पाडतो! शहर वाढतंय, त्यांचं काय जातंय. गोकुळ भिंतीकडं तोंड करून पडलाय. म्हणतो, वाळूजला कंपनीच्या गेटवर वॉचमन होतो. नको रे देवा. येत्या रविवारी डाळ दुप्पट घालते.

१९ मार्च, शनिवार
सोमवारपासून टँकर आला नाय. प्यायला हंडाभर उरलंय. डाळ धुवू कशात, शिजवू कशात? शेजारच्या मुक्ताबाईकडं पाणी मागितलं, तर म्हणाली, सारजाबाई, इथं लेकरं तहानलीत अन् तुम्हाला पुरण सुचतंय व्हय! रडू आलं. पोरं उद्या केळ्यावर खेळणार. टीम बुडाली. माझ्यामुळं बुडाली.

२० मार्च, रविवार
कुठल्या तोंडानं जाऊ? मैदानावर गेलेच नाय. टँकरच्या रांगेत बसून राहिले. नात सोनिया पळत आली, आजी, तीन-शून्य! म्हणलं, तीनच? सुधारणा आहे. ती म्हणाली, अगं, जिंकलो! टीम राहिली!
फायटरची सगळ्यात मोठी तारीख! मागच्या रविवारच्या पोळ्या आज अंगी लागल्या. जड अन्न, येळ लागतोच.

२१ मार्च, सोमवार
सगळी टीम पेढे घेऊन आली, पाया पडली. कोच म्हणाला, आजी, आता तुम्ही टीमच्या कायमच्या प्रमुख पाहुण्या. लई मान! दर मॅचला न्यायला गाडी, शाल, नारळ, स्टेजवर मधली खुर्ची. फक्त सकाळी सातलाच येऊन बसायचं.
म्हणलं, मॅच तर चारला. सातपासून मी तिथं, मग पुरण कोण वाटणार?
सगळे खाली बघाय लागले. आमचा गोकुळसुद्धा.